वाटीचा नंबर

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जळगावातल्या पिंप्राळ्याच्या एका कॉलनीत, सार्वजनिक नळावर, भर दिवसा, चाळीस-पन्नास सुशिक्षित माणसांच्या डोळ्यांदेखत एका स्टीलच्या वाटीला रांगेतून उचलून भिंतीवर ठेवण्यात आले. वाटीची काहीही चूक नव्हती. तिचा नंबर दुसरा होता. या घटनेला पुष्कळ वर्षं झाली, संबंधितांपैकी काही जण आता वरच्या नळावर रांगेत उभे असतील, पण माझा राग अजून ताजा आहे आणि तो मी आज चारचौघांत मांडणार आहे. हळव्या मनाच्या वाचकांनी आधी घोटभर पाणी पिऊन घ्यावं.

नव्वदच्या आसपासचे दिवस. मी लग्नांची व्हिडिओ शूटिंग करत असे. बाजारपेठेतल्या एका स्टुडिओच्या मालकाकडे, ज्याला सगळं गाव नाना म्हणायचं, खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा होता आणि त्या कॅमेऱ्याखाली माझा खांदा होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मुहूर्तांची झुंबड उडायची. सकाळी इथे हळद, दुपारी चाळीसगावला लग्न, संध्याकाळी तिसऱ्याच गावची वरात. सोबत हॅलोजनचा दिवा धरणारा एक माणूस असायचा. त्याच्या दिव्याने नवरदेव, करवली आणि मी सारखेच भाजून निघायचो.

भाजण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. माझा राग होता तो कॅसेट पाहणाऱ्यांवर. लग्नानंतर पंधरा दिवसांनी कॅसेट द्यायला जावं, तर घरातले सगळे टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलेले. कॅसेट सुरू झाली की नवरी कोणी पाहत नसे, नवरदेव तर नाहीच नाही. प्रत्येकाचं एकच. मी कुठंय? हा बघा माझा हात. पुढे ढकला, पंगतीत मी आहे. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या वडिलांची मान खाली गेली होती आणि त्यांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले होते. मी गर्दीतून वाट काढत, एका आजीबाईंच्या पायावर पाय देऊन, त्यांची बोलणी खात ते टिपलं होतं. ते दृश्य आलं तेव्हा खुद्द नवरीचा मामा म्हणाला, "हे ढकला पुढं, मी त्यावेळी बाहेर होतो." एका काकांनी तर कॅसेट नानाच्या टेबलावर आपटली. तीन तासांत ते फक्त एकदाच दिसत होते, तेही पाठमोरे, जिलेबी मागताना.

तीन वर्षं मी हे सोसलं. तीन वर्षांत मी काढलेलं एकही दृश्य कोणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त स्वतःला पाहिलं होतं. मग मी मनाशी एक हट्ट धरला. एकदा, फक्त एकदा, एका तरी माणसाने मी काढलेलं काहीतरी स्वतःला विसरून पाहावं. तीन मिनिटं. यापेक्षा जास्त मी कोणाकडे मागत नव्हतो.

तेवढ्यात पेपरात एक छोटी सूचना आली. धुळ्याच्या एका हौशी मंडळाने पाच मिनिटांच्या आतले, स्वतः केलेले व्हिडिओ मागवले होते. मी ती कापून खिशात ठेवली आणि त्याच दिवशी ठरवलं, आपल्या व्हिडिओत माणूस नको. माणूस आला की त्याच्या मागे त्याचा मामा येतो.

माणसं नाहीत तर मग काय? वस्तू. त्या चालवायच्या कशा, हे मला रुखवताने शिकवलं होतं. एका लग्नात मी रुखवताचं टेबल काढत होतो आणि बायका एकेक भांडं आणून मांडत होत्या. प्रत्येक वेळी हात मध्ये यायचा, म्हणून मी कॅमेरा थांबवायचो आणि हात गेला की चालू करायचो. नंतर स्टुडिओत पाहिलं तर टेबलावर भांडी आपोआप उगवत होती. कढई टुणकन आली, तिच्याशेजारी पातेलं आलं, परात स्वतःहून जागा शोधत बसली. नाना म्हणाला, हे कापून टाक, पार्टी बोंबलेल. मी ते अकरा वेळा पाहिलं.

तर वस्तू ठरल्या. कोणत्या वस्तू, हे बायकोने ठरवलं. मी शाळेच्या वहीत चौकटी आखून बसलो होतो. चपला देवळात जातात, केरसुणी रुसते, असलं काहीबाही सुचत होतं. ती नळावरून आली, कंबरेवरची कळशी खाली ठेवली आणि वहीत डोकावून म्हणाली, चपला कशाला चालवता, आपल्याकडे भांडी रोज चालतातच की.

खरंच होतं. आमच्या कॉलनीच्या नळाला ठरलेल्या दिवशी पाणी यायचं आणि यायचं ते करंगळीएवढ्या धारेने. जिथे गल्लोगल्ली पाइप तयार होतात त्या शहरात आमची ही तऱ्हा. म्हणून पहाटेपासून भांड्यांची रांग लागायची. माणसं घरी, भांडी रांगेत. तांब्याचे हंडे, स्टीलच्या कळश्या, तेलाचे पत्र्याचे डबे, प्लास्टिकच्या घागरी. या रांगेचा कायदा कोर्टापेक्षा कडक होता. भांडं म्हणजे माणूस. वीट ठेवली तर चालत नाही, भांडंच हवं. आणि दुसऱ्याच्या भांड्याला हात लावणं म्हणजे त्याच्या गचांडीला हात घालणं. ज्याचं त्यानेच यायचं आणि ज्याचं त्यानेच पुढे सरकवायचं.

या कायद्याला एकच अपवाद होता आणि तो निळ्या रंगाचा होता. आमच्या गल्लीत एक आबा राहायचे. तलाठी म्हणून निवृत्त झालेले, पण रुबाब निवृत्त झाला नव्हता. नळाची व्यवस्था त्यांनी आपण होऊन स्वतःकडे घेतली होती. त्यांच्याकडे कमरेएवढं उंच निळं प्लास्टिकचं पिंप होतं. आबांचं म्हणणं असं की, पिंप जड असतं, ते रांगेत पुन्हा पुन्हा सरकवता येत नाही, सबब ते कायम नळाजवळच राहील. पाणी आलं की पहिली धार पिंपात. पिंप भरेपर्यंत बायका पदराने वारा घेत उभ्या. यावर आजवर कोणी काही बोललं नव्हतं, कारण आबा सगळ्यांचे दाखल्याचे अर्ज फुकट लिहून द्यायचे.

नळाखाली खड्डा होता. धार आटली की खड्ड्यात साठलेलं पाणी वाटीने उपसून हंड्यात घालावं लागे. आमच्या घरची एक वाटी याच कामाला होती. चेपलेली, कडेला पोचा आलेली. बायको म्हणाली, ही बिचारी रोज दुसऱ्यांचे हंडे भरते. एक दिवस तिला स्वतःचा नंबर लावू द्या की.

झालं. गोष्ट ठरली. वाटी रांगेत दुसरी उभी राहते. पिंप येऊन पुढे घुसतं. त्याच्या मागोमाग हंडे घुसतात. वाटी मागे मागे जात शेवटी पोचते. धार सुरू होते, पिंप भरून वाहू लागतं आणि वाटी तिथेच कोरडी. मी ते वहीत आखलं तेव्हाच मला आबांचा एवढा राग आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

नानाने कॅमेरा एका बिनमुहूर्ताच्या मंगळवारी दिला, पडल्यास माझ्या कातड्याचे जोडे करण्याच्या बोलीवर. मंगळवारी नळाला पाणी नसायचं, म्हणजे नळ रिकामा, जागा रिकामी. सकाळी आठला आम्ही दोघांनी घरातली आणि शेजारून मागून आणलेली मिळून अकरा भांडी आणि वाटी अशी रांग लावली. घरातून वायर ओढून कॅमेरा स्टँडवर बसवला. मी डोळा लावला आणि किंचाळलो. प्रत्येक हंड्यात मी होतो. अकरा चकचकीत भांड्यांत अकरा शूटिंगवाले, ढेरी पुढे, एक डोळा मिटलेला. माणूस नको म्हणणाऱ्या माणसाची अशी थट्टा!

उपाय एकच होता, भांडी मळवणं. मी कणीक पाण्यात कालवली आणि फडक्याने हंड्यांना फासायला लागलो. बायको आदल्या दिवशी चिंच लावून ती घासून बसली होती. तिने फडकं माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "नानांच्या टकलावरही एक हात मारून या, तेही फार चमकतं." मग स्वतःच सगळी भांडी मळवली, दातओठ खात.

काम सुरू झालं. त्या कॅमेऱ्याची तऱ्हा अशी की बटण दाबून लगेच सोडलं तरी अर्धा सेकंद टेप पुढे जायचीच. त्यामुळे प्रत्येक वेळी भांडं चार बोटं सरकवायचं, बाजूला व्हायचं, बटण दाबायचं, सोडायचं. पुन्हा चार बोटं. शिवाय पाच मिनिटांच्या आत पुढचं बटण दाबलं नाही तर टेप झिजू नये म्हणून कॅमेरा आपणच बंद पडायचा आणि मग चित्रावर रंगीत पट्टे यायचे. म्हणजे घाम पुसायलाही घड्याळ बघून. सरकवणारी बायको, दाबणारा मी.

वाटीच्या पहिल्याच चालीला आमचं भांडण झालं. मी म्हटलं, सरळ पुढे सरकव. ती म्हणाली, ती अशी एकदम जाणार नाही. पुढचा हंडा हलला की ती आधी थोडी मागे होईल, कोणी बघतंय का ते पाहील, मग पुढे. मी विचारलं, वाटी मागे का होईल? त्यावर ती म्हणाली, "मी रोज तिथे उभी असते. मला माहितीये." मी बटण दाबलं. दोन बोटं मागे, थांबली, मग तीन बोटं पुढे. त्या छोट्या काचेत पाहताना माझ्या अंगावर काटा आला. वाटी बिचकली होती.

पंधरा-वीस मिनिटं असं स्वर्गीय काम चाललं. मग मागच्या गल्लीतल्या एका अक्कांनी गच्चीवरून रांग पाहिली.

अक्का खाली आल्या, दोन घागरी घेऊन, आणि त्या रांगेच्या शेवटी ठेवून दिल्या. मी नम्रपणे सांगितलं की आज पाणी नाही. अक्कांनी माझ्याकडे, मग अकरा भांड्यांकडे पाहिलं.

"मंग हाई लाईन काय हवा खावाले लायेल शे का?"

मी सांगितलं की ही शूटिंगची लाईन आहे. भांड्यांची कसली शूटिंग, असं विचारत त्या तिथेच बसल्या, घागरींवर हात ठेवून. त्यांना बसलेलं पाहून समोरच्या घरातून दोन हंडे आले. दोन हंडे पाहून पुढच्या गल्लीतून डबे आले. मी धावत धावत प्रत्येकाला सांगत होतो, अहो नाही, आज पाणी नाही, देवाशपथ नाही. आणि मी जितकं नाही म्हणायचो तितकी त्यांची खात्री पटायची. एवढा कळवळून नाही म्हणणारा माणूस नक्की काहीतरी दडवतोय. एका बाईने तर शेजारणीला सांगितलं की याच्या वायरीकडे बघ, मोटर लावायच्या तयारीत आहे. साडेनऊपर्यंत आमच्या बारा भांड्यांमागे चाळीसेक भांडी उभी होती आणि प्रत्येकामागे मालक. पानी कवय येवाव शे, पाणी कधी येणार, एवढा एकच प्रश्न. जणू मीच नळ आहे.

आणि मग गडगडाट ऐकू आला. आबा पिंप लोळवत येत होते.

पिंप त्या दिवशी धुवायला म्हणून घरी नेलं होतं आणि आता उशिरा निघालेल्या नवरदेवासारखं येत होतं. आबांनी एका नजरेत परिस्थिती ताब्यात घेतली. लाईन वाकडी आहे, मी लावतो म्हणाले. पिंप नळाखाली उभं केलं. मग त्यांची नजर वाटीवर गेली. पहिल्या हंड्यामागे, दुसऱ्या नंबरवर, एकटी, पिठाने मळलेली. आबांनी ती दोन बोटांत उचलली.

"हे काय भातुकलीचं ठेवलंय इथं," असं म्हणून त्यांनी ती नळाशेजारच्या भिंतीवर ठेवली आणि तिच्या जागी आपल्या सुनेचा हंडा सरकवला.

मी वहीत जे लिहिलं होतं ते माझ्यासमोर घडत होतं, फक्त जास्त निर्लज्जपणे. मी आबांच्या अंगावर धावून जाणार होतो. खोटं कशाला सांगू, मी स्टँड उचलायला हात घातला होता. तेवढ्यात बायकोने माझा दंड धरला आणि कानात म्हणाली, "अहो, पाच मिनिटं होतील. दाबा ना बटण."

मी दाबलं. वाटी भिंतीवर. आणि तिथून पुढचे दोन तास मी आयुष्यात कधी विसरणार नाही.

कॅमेरा चालू आहे हे कळताच सगळी कॉलनी थिजली. लग्नांनी माणसांना तेवढी शिस्त लावलेली होती. सगळे आपापल्या हंड्याशेजारी हात बांधून, मान ताठ करून कॅमेऱ्यात पाहू लागले. मी ओरडलो, माणसं नकोत, बाजूला व्हा, नुसती भांडी पाहिजेत. कोणी हलेना. नुसता हंडा ठेवून मागे व्हायचं म्हणजे नंबर गेला. शेवटी बायको पुढे झाली. तिने आवाज चढवून सांगितलं की ज्यांचं भांडं चित्रात आलं त्या सगळ्यांना कॅसेट दाखवू, मी शब्द देते, पण हात आणि पाय चित्रात आले तर तेवढं भांडं कापणार. लगेच सगळे दोन पावलं मागे सरले.

मग आली पुढची अडचण. भांडी चार बोटं सरकवायची कोणी? बायकोने एका हंड्याला हात लावला मात्र, मालकीण वाघिणीसारखी झेपावली. कायदा म्हणजे कायदा. तेव्हा ठरलं असं की बायको "सरकवा" म्हणेल, ज्याने त्याने आपलं भांडं चार बोटं सरकवायचं आणि मागे व्हायचं. मी बटण दाबीन. म्हणजे मला एका क्षणात चाळीस सहाय्यक मिळाले. जगात कोणत्याही स्टुडिओत एवढे नसतील. आणि एकाने, चाळिसांपैकी एकानेही, चार बोटं सरकवलं नाही. कोणी सहा सरकवलं, कोणी वीतभर, कोणी शेजारच्याच्या डोळ्यात डोळे घालून तिरकं घुसवलं. मी चार म्हणालो होतो, असं मी दर वेळी किंचाळायचो. बटण, "सरकवा", वीतभर, शिव्या, मागे, बटण. भांडी एकमेकांवर चढत होती, आपटत होती, एक कळशी आडवी झाली ती तशीच पुढे लोळत राहिली. तिची मालकीण तिला उभी करायला तयार नव्हती, कारण तेवढ्या वेळात नंबर गेला असता. आबांचं पिंप तेवढं एका जागी ढिम्म.

वाटी मात्र बायकोची होती. तिने ती भिंतीवरून उतरवली आणि रांगेच्या कडेने मागे नेली. एकेका हंड्यापाशी थांबवत, प्रत्येकापाशी किंचित वळवत, जशी ती कोणाला विचारते आहे की इथे जागा आहे का. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. सगळे आपापला हंडा बघत होते.

साडेअकराला ऊन डोक्यावर आलं आणि नळाने साधी हवासुद्धा सोडली नाही, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की मी खरं बोलत होतो. आता तुम्हाला वाटेल की त्यांनी माझी माफी मागितली असेल. त्यांनी मला फाडून खाल्लं. पाणी नव्हतं तर सांगायचं नाही का? हो, अक्षरशः हेच. सर्वांत पुढे आबा. उन्हात बायामाणसांना उभं केलं, पाण्याची थट्टा केली, याला समाजात राहायची अक्कल नाही, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मी तोंड उघडलं आणि जे बोललो ते इथे छापता येणार नाही, पण त्यात पिंप, तलाठी आणि एक विशिष्ट दाखला यांचा उल्लेख होता. त्यानंतर आबा आणि मी बोलायचे बंद झालो.

सगळे गेले. पिंप नळाजवळ राहिलं, ते नेहमीच राहायचं. दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, आम्ही शेवटचं दृश्य घेतलं. पाणी नव्हतं, तर लग्नाच्या मांडवातल्या चंदेरी झिरमिळ्या मी स्टुडिओतून आणल्या होत्या. त्या नळाच्या तोंडातून एकेक बोट लांब करत खाली सोडल्या, पिंपात उतरवल्या, मग काठावरून बाहेर, जमिनीवर, दूरपर्यंत. पिंपाच्या पायथ्याशी वाटी. पुढे दोन बोटं, मागे एक. पुन्हा पुढे. तिला तिथे उभं करताना बायकोचे तळवे जमिनीने पोळत होते. आम्ही दोघंही संतापलेलो होतो आणि काम इतकं नीट कधी झालं नव्हतं.

घरी येऊन काळ्या कापडावर तुरीच्या डाळीने "वाटीचा नंबर" अशी अक्षरं मांडली, सुरुवातीला जोडायला ती कॅमेऱ्यात घेतली, आणि संध्याकाळी त्याच डाळीचं वरण केलं.

आता धुळ्याचं ऐका.

मी एसटीने कॅसेट मांडीवर घेऊन गेलो. हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं, पुढे टेबलावर मोठा टीव्ही, हार, समई. माझा नंबर आला. टीव्हीवर डाळीची अक्षरं उमटली. आणि त्याच क्षणी हॉलमध्ये लख्ख उजेड पडला. त्या मंडळाने स्वतःच्या कार्यक्रमाची शूटिंग लावली होती! माझाच एक जातभाई खांद्यावर कॅमेरा घेऊन हॉलभर फिरत होता आणि त्याच्या मागे हॅलोजनवाला. उजेडाने टीव्ही पांढराफटक झाला. माझी वाटी, तिचं ते बिचकणं, सगळं त्या पांढऱ्यात बुडालं. आणि प्रेक्षक? प्रेक्षक केस सारखे करत होते. ज्या बाजूला दिवा जाई त्या बाजूच्या रांगा ताठ व्हायच्या. कोणी टीव्हीकडे पाहण्याची पोझ घेतली, बोट गालाला लावून. तीन मिनिटांत एकाही माणसाने पडद्याकडे पाहिलं नाही. टीव्हीतून आमच्या कॉलनीच्या भांडणाचे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे ऐकू येत होते, कोंबड्यांच्या खुराड्यात साप शिरावा तसे. अध्यक्षांनी हाताने खूण करून आवाज बंद करायला लावला. मग म्हणाले, प्रयत्न चांगला आहे, पण संदेश काय? आणि एकही माणूस दाखवला नाही, हे जरा खटकलं.

मी उभा राहिलो. मला म्हणायचं होतं की माणसं या हॉलमध्ये आहेत तेवढी पुरेत. पण जातभाईने कॅमेरा माझ्याकडे वळवला, दिवा तोंडावर आला, आणि सांगायला शरम वाटते, मी केसांवरून हात फिरवला.

परतीच्या एसटीत मी ठरवलं, कॅसेट पुसायची आणि तिच्यावर पुढचं बारसं घ्यायचं. घरी आल्यावर तेच बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पुसा खुशाल, पण आधी कॉलनीला दाखवा. मी शब्द दिलाय, आणि नळावर मला रोज जावं लागतं, तुम्हाला नाही.

टीव्ही मोठा फक्त आबांकडे. बायकोच जाऊन बोलली. रविवारी दिवेलागणीला आबांच्या ओट्यावर टीव्ही आला, नानाकडून व्हीसीआर आला, आणि ती चाळीस कुटुंबं सतरंजीवर बसली. आबा मधोमध खुर्चीत, माझ्याकडे न पाहता. मी मागे विजेच्या खांबाला टेकून हाताची घडी घातली. मला माहीत होतं काय होणार आहे.

तेच झालं. पहिला हंडा दिसला आणि आरडाओरड सुरू झाली. हा माझा. नाही, तुझ्या कडीला रंग नाही. ती चेपलेली घागर कोणाची? अगं तुझीच. आडवी कळशी लोळत गेली तेव्हा तिच्या मालकिणीला सगळ्यांनी टाळ्या दिल्या. पोरीसोरी आपला डबा मोजत होत्या. एका कळशीत मीही दिसलो, ढेरीसकट, कारण ती मळवलेली नव्हती, आणि त्यावरही चर्चा झाली. मी दात आवळून ऐकत होतो. पंगत, जिलेबी, मामा, सगळं तेच. फक्त माणसांच्या जागी हंडे आले होते. मी मनात म्हटलं, बारसं. उद्याच.

मग वाटी भिंतीवरून उतरली आणि रांगेच्या कडेने मागे निघाली. पहिल्या हंड्याशी थांबली, वळली. दुसऱ्याशी थांबली, वळली. ओट्यावर थोडा आवाज कमी झाला. चौथ्या-पाचव्या हंड्यापाशी ज्यांचे हंडे होते त्यांनी "माझा" म्हटलं नाही. वाटी पुढे जात राहिली, तेलाच्या डब्यापाशी, घागरींपाशी, आणि रस्त्यावरच्या सावल्या तिच्याबरोबर लांबीने कमी होत गेल्या. ते मी ठरवलं नव्हतं, ते उन्हाने केलं होतं. अक्का पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. झिरमिळ्या नळातून खाली आल्या, पिंपात उतरल्या, पिंप भरलं, काठावरून वाहायला लागलं. ते निळं पिंप कोणाचं, हे त्या ओट्यावर लहान मूलसुद्धा सांगू शकलं असतं. कोणी सांगितलं नाही. वाटी दोन बोटं पुढे आली, एक बोट मागे झाली, आणि थांबली. मी खांबावरून पाठ सोडवली. मला फक्त आबा दिसत होते, बाजूने. ते खुर्चीत पुढे वाकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं, आणि जो माणूस आमच्याशी एरवी दाखल्यावरच्या मराठीत बोलायचा तो एकदम आईच्या बोलीत ओरडला,

"आरे, ते पिंप सरकाडा रे कोनी तरी, ती वाटी कवयनी उभी शे तठे!"